अर्ध्या डोक्याचं औषध

थोरल्या जावेवर सूड उगवायचा हे मी ठरवलं, तेव्हा माझ्या हातात कागदात गुंडाळलेला गजरा होता आणि डोक्यावर तीन ठिकाणी चाई पडलेली होती. चाई म्हणजे काय ते ज्याला झाली त्यालाच कळतं. आज केस आहेत, उद्या फणीत गुंतवळ, आणि परवा तिथे रुपयाएवढी गोल, गुळगुळीत, लख्ख कातडी. दुखत नाही, खुपत नाही. नुसतं हात लावला की बोट सरकतं.

आमचं सासर आगाशीचं. घराच्या मागे वाडी, केळी आहेत, चाफा आहे, आणि थंडीत कागड्याच्या झुडपांना इतक्या कळ्या येतात की तोडून तोडून बोटं फुटतात. मी आणि नवरा चंदनसारला फ्लॅटमध्ये राहतो, मी विरारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आगाशीचं घर थोरले दीर आणि जाऊ सांभाळतात. संक्रांतीनंतरच्या एका शुक्रवारी जाऊ हळदीकुंकू करते आणि त्या हळदीकुंकवाचा एक नेम आहे. ती घरच्या कागड्याचे गजरे स्वतः गुंफते आणि गजरा बाईच्या हातात देत नाही, स्वतः केसांत माळते. चाळीस बाया येवोत नाहीतर साठ. एकेकीच्या मागे उभी राहून, मान जरा वाकवून, पिन तोंडात धरून माळते. गावातल्या बाया म्हणतात, वाण काय कुणीही देईल, गजरा माळून घ्यावा तो हिच्याकडून.

त्या शुक्रवारी ती माझ्यापर्यंत आली. माझ्या शेजारच्या दोघींना माळून झालं होतं. मी सवयीने मान वाकवली. मागे काहीच हालचाल होईना. मी मान वर करून बघितलं तर तिची नजर माझ्या टाळूवर खिळलेली, जिथे बांगडीएवढी चाई मी उलटे केस घेऊन कशीबशी झाकली होती. तिने हात मागे घेतला. अक्षरशः मागे घेतला, गरम तव्याला लागल्यासारखा. मग कोपऱ्यातला वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, गजरा त्यात गुंडाळला आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तू हा घरी ने. देवाला वाहा."

सगळ्या बाया बघत होत्या. एक चुकचुकली. पलीकडची पाटावरून सरकून बसली, ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथे काही बोलले नाही, कारण सासूबाई समोर बसल्या होत्या आणि जावेची नववीतली मुलगी वाण वाटत होती. ती पोर मला फार मानते. तिच्यासमोर तमाशा नको म्हणून मी तिळगूळ घेतला, हसले आणि उठले.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "बघून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच बायांसमोर, तिच्याच हाताने गजरा माळून घेईन. नाही घेतला तर त्या घरात पाऊल टाकणार नाही."

नवरा म्हणाला, "अगं, ती घाबरली असेल."

"घाबरली? मी काय महारोगी आहे?"

तो टीव्ही लावायला उठला. त्याचं हेच. भावजयीविरुद्ध एक शब्द काढत नाही.

म्हणजे माझ्यापुढे एक वर्ष होतं आणि एकच काम होतं. केस आणायचे. लोक केस सौंदर्यासाठी आणतात, मला ते तिच्या नाकावर टिच्चून आणायचे होते.

पहिला उपाय खुद्द जावेनेच पाठवला. काय धाडस बघा. आठवड्याभरात दीर पिशवी घेऊन आले. सोललेला गावठी लसूण, बाटलीत मध आणि निरोप, "ठेचून चाईवर चोळ म्हणावं, आमच्या माहेरी सगळ्यांची अशीच जाते." मी तो चोळला. आता खरं सांगायचं तर बरं व्हायला नाही चोळला. मानेच्या वरच्या चाईवर मी तो मुद्दाम दाबून, रगडून चोळला आणि धुवायच्या वेळी धुतला नाही. भाजलं तर तिच्या नावावर. दुसऱ्या दिवशी टरारून फोड आला. मी नवऱ्याकडून फोटो काढून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वहिनींच्या औषधाचा गुण.' कोणीच काही लिहिलं नाही. पुतणीने तेवढा रडका चेहरा पाठवला. जावेच्या नावापुढे वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

मग मी वसईच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या वसईच्याच, गावातल्या ख्रिस्ती घरातल्या, बोलायला मऊ आणि औषधाच्या बाबतीत कडक. फोड बघून आधी त्यांनी मला झापलं. "शिकलेल्या बाई तुम्ही. लसूण कसला चोळता? कातडी कायमची गेली असती तर?" मग त्यांनी समजावून सांगितलं. अंगातलं जे सैन्य आजाराशी लढतं, त्याची ओळख चुकते. ते आपल्याच केसांच्या मुळांना परके समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. किडा लागत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. कधी काही न करता केस येतात, कधी सगळं करूनही येत नाहीत.

हे शेवटचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही. मला तारीख हवी होती.

मी म्हटलं, "तीन जागा आहेत. तीन वेगळी औषधं द्या. कुठलं पटकन काम करतं ते बघू आणि मग तेच सगळीकडे लावू."

त्या हसल्या. "प्रयोगशाळा करताय का डोक्याची?"

"हो."

बराच वाद घातल्यावर त्या तयार झाल्या. डाव्या कानाच्या वरच्या चाईला स्टेरॉइडचं लोशन, दिवसातून दोनदा. टाळूवरच्या चाईला एक पिवळसर मलम, जे थोडा वेळ ठेवून धुवून टाकायचं, कारण ते मुद्दाम कातडी चिडवतं. आणि मागे, लसणाची जखम भरल्यावर, केस वाढवायचं ते पातळ औषध, जे टकलासाठी पुरुषही लावतात. दर रविवारी सकाळी नवरा बाल्कनीत माझ्या डोक्याचे फोटो काढायचा. मी शाळेची फूटपट्टी प्रत्येक चाईच्या शेजारी धरायची. तो म्हणायचा, "शेजारी बघतायत." मी म्हणायची, "बघू देत, त्यांना काय कमी उद्योग आहेत?"

लोशनने पहिल्यांदा गुण दिला. कानाच्या वर बारीक लव आली, पांढरी, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर असते तशी. मी आरशासमोर उभी राहून जावेचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. पण महिन्याभरात तिथल्या कातडीवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या, आणि लव जशी आली तशी गळली. पिवळ्या मलमाने तर मेल्याने उच्छाद मांडला. उशीचे अभ्रे तपकिरी, टॉवेल तपकिरी, बेसिनच्या कडेला डाग, माझं कपाळ असं की शाळेतल्या मुलांनी विचारलं, "बाई, मेंदी लावली का?" खाज म्हणजे विचारू नका, फळ्यावर लिहिताना दुसऱ्या हाताने डोकं धरून ठेवायची. टाळूवर चार केस आले, ठिपक्यासारखे. आणि ते पातळ औषध? ते मागच्या चाईवरून ओघळून गालाकडे यायचं. मागे काही उगवलं नाही, पण कानाच्या पुढे मात्र मला कल्ले फुटले. नवरा एकदा म्हणाला, "औषध चांगलं आहे, फक्त पत्ता चुकलाय." त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

हे होईपर्यंत मे उजाडला आणि तीनच्या सहा चाया झाल्या. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. मी डॉक्टरबाईंसमोर बसून रडले. आयुष्यात मी डॉक्टरसमोर रडलेली नाही, हात मोडला तेव्हाही नाही. पण मला केसांचं रडू येत नव्हतं. हळदीकुंकवाला आठ महिने उरले होते आणि ती बाई जिंकत होती, त्याचं येत होतं. हे अर्थात मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

त्यांनी मग शेवटचा उपाय काढला. एक औषध आहे, म्हणाल्या, ते केसांवर काहीच करत नाही. ते कातडीला ॲलर्जी आणतं. मुद्दाम. आधी एका ठिकाणी कडक थेंब लावून अंगाला त्याची ओळख करून द्यायची, मग दर आठवड्याला पातळ करून डोक्याला लावायचं. डोकं खाजतं, लाल होतं, सोलतं. अंगातलं सैन्य त्या नव्या भांडणाकडे धावतं आणि जुनं भांडण विसरतं.

मला हे चटकन पटलं. आमच्या सासरी भांडणं अशीच मिटतात.

"पण," त्या म्हणाल्या, "पहिले काही महिने अर्ध्याच डोक्याला लावणार. डाव्या. उजवं तसंच ठेवायचं."

"का? माझ्याकडे वेळ नाही."

"कारण केस आले तर ते औषधाने आले की आपसूक, हे कसं कळणार? डावीकडेच आले तर औषधाने. दोन्हीकडे आले तर तुमच्या नशिबाने. तुम्हीच म्हणालात ना, प्रयोगशाळा?"

माझ्याच शब्दात मला पकडलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी नियम सांगितले आणि ते मला आजही पाठ आहेत. लावल्यावर दोन दिवस डोकं धुवायचं नाही. उन्हात न्यायचं नाही, रुमाल बांधायचा. उशी वेगळी. आणि त्या दोन दिवसांत डोक्याला कोणाचाही हात लागू द्यायचा नाही. "हे औषध दुसऱ्याच्या अंगाला लागलं तर त्यालाही ॲलर्जी होते. एकदा शरीराला ओळख झाली की आयुष्यभर जात नाही." औषध लावणारी त्यांची मदतनीस बाई दोन-दोन हातमोजे घालायची. तरी तिच्या मनगटांवर, हातमोज्याची कड संपते तिथे, कातडी चिरलेली होती. ती म्हणाली, "ताई, भांडी घासवत नाहीत मला."

दर गुरुवारी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी जायची. तिसऱ्या महिन्यात एक झोपेतली चूक झाली. नवऱ्याचा हात माझ्या उशीवर आला आणि पुढच्या वेळी पुन्हा आला. त्याच्या दंडावर हे एवढं लाल, पाणीदार पुरळ उठलं. पंधरा दिवस तो बाही वर करून फिरत होता. तेव्हा मी मनापासून घाबरले आणि त्याचा बिछाना दुसऱ्या खोलीत घातला. पण घाबरताना माझ्या डोक्यात दुसरंही काही येऊन बसलं. ते काय, हे मी तेव्हा स्वतःलाही नीट विचारलं नाही.

दरम्यान माझी दुसरी मोहीम चालू होती. गणपतीला आगाशीला गेले तेव्हा मी रुमाल सोडून सगळ्यांच्या मध्ये बसले. औषध लावून पाच दिवस झाले होते, डोकं धुतलेलं होतं. पुतणीला शाळेत प्रतिकारशक्तीवर प्रकल्प करायचा होता. मी म्हटलं, "चल, तुला जिवंत उदाहरण देते." तिला मी सगळं शिकवलं. सैन्य, ओळख चुकणं, सगळं. तिला माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लावला, माझी फणी तिच्या केसांतून फिरवली. "लिही," मी म्हटलं, "चाई शिवल्याने होत नाही, एका फणीने होत नाही, एका उशीने होत नाही. शिवल्याने होते असं समजणारी माणसं अडाणी असतात." शेवटचं वाक्य मी स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आत जाऊ मोदक वळत होती. तिचे हात थांबले, हे मला दारातून दिसलं.

पोरीने प्रकल्प केला, तिला शाबासकी मिळाली. ती मला फोनवर म्हणाली, "काकू, मी आईला दोनदा वाचून दाखवला. तिला आधी खरंच वाटत होतं की मला होईल. मग ती वही घेऊन स्वतः वाचत बसली." मी म्हटलं, "बसू दे."

दिवाळीनंतर डावीकडे केस यायला लागले. आधी पांढरे, मग करडे, मग मुळाशी काळे. नाताळपर्यंत डावीकडच्या तिन्ही चाया भरल्या, बोटाच्या पेराएवढे केस, ब्रशसारखे ताठ. उजवीकडे काही नाही. एक केस नाही. रविवारचे फोटो मी ओळीने लावून बघितले. डावी बाजू हिरवी झालेली, उजवी पडीक. डॉक्टरबाई खूश झाल्या. "आता कळलं ना? औषधाने आले." आणि त्यांनी उजव्या बाजूलाही सुरुवात केली.

म्हणजे हळदीकुंकवाच्या दिवशी माझं डोकं अर्धंच तयार असणार होतं. पण गजरा मागे, मधोमध माळतात. डावीकडचे लांब केस घेऊन उजवीकडे वळवले, बाकीच्या लांब केसांत पिना मारल्या, तर अंबाडा बसत होता. मी आरशात चार वेळा करून बघितलं. बसत होता.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. हळदीकुंकू शुक्रवारी होतं. औषधाचा वार गुरुवार. डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, "उद्या समारंभ आहे तर या आठवड्याला राहू द्या, काही बिघडत नाही." मी म्हटलं, "नाही, लावा. एकही आठवडा चुकवायचा नाही मला." त्यांना वाटलं, काय नेमाची बाई आहे. त्यांनी दोन्ही बाजूंना लावलं. त्यातही आता सोसतं म्हणून जरा कडकच.

मी रुमाल बांधून घरी आले. मला पूर्ण ठाऊक होतं मी काय करतेय. तिची बोटं माझ्या डोक्याला लागणार. कागडा तोडून तोडून फुटलेली बोटं. तिच्या दहाही बोटांना त्या मदतनीस बाईच्या मनगटांसारख्या चिरा पडाव्यात, खाज सुटावी, आणि पुन्हा तिला कधी कोणाच्या केसांत गजरा माळता येऊ नये, असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे काय, मी ते वर्षभर मनात पाळलेलं होतं, नुसती वाट सापडत नव्हती. नवरा सकाळी म्हणाला, "आज जाऊ नकोस, काल लावलंयस." मी म्हटलं, "लांब बसून येईन." त्याने विश्वास ठेवला.

आगाशीला पोचले, ओसरीत रुमाल सोडला आणि आत गेले. त्याच बाया. काहीजणींच्या भुवया वर गेल्या. एक म्हणाली, "अगं बाई, आले की गं केस!" मी गेल्या वर्षीच्याच पाटावर बसले. मुद्दाम. सासूबाई खुर्चीत होत्या, पुतणी अत्तरदाणी घेऊन फिरत होती. परकर-पोलका घालून इतकी गोड दिसत होती. मला बघून तिने दुरूनच अंगठा वर केला.

जाऊ एकेकीला गजरे माळत माझ्याकडे आली. मी मान वाकवली. ती माझ्या मागे उभी राहिली आणि पिन तोंडातून काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गेल्या वर्षी माझं चुकलं. हिला मी गजरा माळला नाही, हातात दिला. मला वाटलं शिवल्याने होतं, माझ्या पोरीला होईल. पोरीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. शिवल्याने काही होत नाही म्हणे." आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. नुसता गजरा माळला असता तर एकवेळ ठीक होतं. तिने उजवीकडे वळवलेले केस सारून खालच्या उघड्या कातडीवरून, एकदा, दोनदा, तळवा फिरवला. मायेने. "बघा," ती बायांना म्हणाली, "काही होत नाही."

मला सुख वाटलं. खोटं कशाला बोलू? माफी मिळाल्याचं नव्हे. ती आपणहून हात देतेय, मी मागितलाही नव्हता, याचं. मी डोळे मिटून बसून राहिले. तिने गजरा माळला, पिन खोचली, बोटांनी फुलं सारखी केली. झालं. माझं वर्षभराचं काम पूर्ण झालं.

मी डोळे उघडले तेव्हा ती पुतणीला हाक मारत होती. "ये गं, तुझा राहिलाच की." पोर धावत आली आणि आईपुढे पाठ करून उभी राहिली. जावेने गजरा मनगटावर अडकवला आणि पोरीचे केस मानेवरून सारखे करायला दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नका तिला!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अत्तरदाणी खाली पडली. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एका वर्षापूर्वी बघत होत्या तशाच, फक्त या वेळी मी काहीतरी केलेलं होतं. जाऊ हात हवेत धरून उभी. मी तिची मनगटं पकडली आणि तिला ओढत मागच्या मोरीत नेलं. दार लावलं. नळ सोडला, साबण घेतला आणि तिचे हात घासायला लागले. बोटांच्या फटी, नखं, मनगटं, पुन्हा बोटं. ती काही न विचारता हात देऊन उभी होती.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. औषध, गुरुवार, दोन दिवस, नवऱ्याचा दंड. सगळं एका दमात. "अंगाला, तोंडाला हात लावू नका. पुरळ उठलं तर लगेच मला सांगा, डॉक्टरांकडे नेते. एकदाच लागलंय, बहुतेक काही होणार नाही. पण पोरीला नको."

तिने माझ्याकडे बघितलं. नळ चालूच होता.

"काल लावलंस?"

"हो."

"आज इथे यायचं ठाऊक होतं ना?"

"हो."

"मी हात लावणार, हेही?"

मी मान हलवली. तिने माझ्या हातातून साबण घेतला आणि स्वतःच स्वतःचे हात एकदा घासले, सावकाश, कोपरापर्यंत. मग म्हणाली, "मी अडाणीपणाने केलं गं. तू शिकून-सवरून केलंस."

तिने नळ बंद केला. मी कोरडा टॉवेल पुढे केला, तो तिने घेतला. हात पुसून, डोळे न पुसता ती बाहेर गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. बाहेर पुतणी विचारत होती, "आई, काय झालं? काकू माझ्यावर का ओरडली?"

"तुझ्यावर नाही ओरडली," जाऊ म्हणाली. सगळ्या बाया ऐकत होत्या. "तिच्या डोक्याला औषध लावलेलं होतं. तिने मला आधी सांगितलं होतं, मीच विसरून हात लावला. माझीच चूक."

मी मोरीच्या दारात होते. बाहेरची खोली माझ्यापासून चार पावलांवर होती. बाहेर जाऊन खरं काय ते सांगायला चारच पावलं टाकायची होती. मी गेले नाही.